बळीचा पट



या व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषय येऊन जातात. तेव्हा कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता बोनस, महागाई भत्ता आणि कामाचे तास सोडून पटावरच्या खेळाविषयी बोलणार हे ऐकून व्यवस्थापक मंडळींनी आमच्याकडे किंचित संशयाने पाहिले असल्यास त्यात त्यांचा दोष नाही. आमचे शालेय शिक्षण नववीत थांबले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील एका कपाटातून आणि गावोगावच्या वाचनालयांतून. त्यामुळे आमच्या बोलण्यात पंडिती शिस्त नसेल. परंतु गेली काही वर्षे आम्ही आमच्या अभ्यासवर्गासाठी एक खेळ बनविण्याच्या खटपटीत आहो, आणि त्या खटपटीत आम्हांला जो इतिहास वाचावा लागला तो आपल्यापुढे ठेवावा असे वाटले. खेळ आहे सुगीचा, कथा आहे बळीराजाची, आणि प्रश्न आहे तो असा, की डाव एकट्याने जिंकायचा की सगळ्यांनी मिळून?

पहिली गोष्ट आमच्या आजीची. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. दोन-तीन महिने वाट पाहून वडिलांनी आम्हां भावंडांना गावी आजीकडे पोचविले. दिवसभर करायचे काय? आजीने ट्रंकेतून कापडी सारीपाट काढला. समोरासमोरचे दोघे भिडू, अशा दोन जोड्या. आमच्या चारही सोंगट्या भराभर फिरून आल्या, तेव्हा आम्ही ऐटीत त्या घरात घालू लागलो. आजीने हात धरला आणि म्हणाली, “भिडू मागं असताना घरात जाऊन बसायचं नसतं. त्याला आणायला परत फिर.”

तिने सांगितले तो तिच्या मनचा नियम नव्हता. तो या खेळाचा मूळ नियम आहे. आपल्यापैकी पुष्कळांना पट ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. फुलीच्या आकाराचे चार हात, प्रत्येक हातावर आठ आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे हातागणिक चोवीस आणि एकूण शहाण्णव घरे. मध्ये मोठे घर. चार गड्यांच्या सोळा सोंगट्या, काळ्या-पिवळ्यांची एक जोडी आणि लाल-हिरव्यांची दुसरी. पचिसीत कवड्या टाकतात, चौपटीत लांबट फासे. एक आणि दोन षटके पडली की ‘पौबारा’, आणि तो शब्द आपण अजून वापरतो, पट विसरलो तरी. या खेळात जोडीतला एकच गडी घरी पोचला तर जोडी जिंकली असे होत नाही; दोघांच्या आठही सोंगट्या पोचाव्या लागतात. म्हणून पुढे गेलेला गडी शहाणा असेल तर मध्यातल्या घरात न शिरता दुसरा फेरा घालतो, शत्रूच्या सोंगट्या अडवतो, मारतो, आणि भिडूची वाट मोकळी करतो. विलायतेत या खेळाचे लुडो झाले. १८९६ साली त्याचे पेटंट इंग्लंडात घेतले गेले आणि तेच लुडो आपल्याकडे परत आले. येताना मात्र भिडू वाटेतच कुठेतरी गळला. आता चार मुले चार कोपऱ्यांत बसतात आणि प्रत्येक जण एकटा धावतो.

एवढ्यावरून आमचे पूर्वज सगळे सहकारी वृत्तीचे होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. पट होता तेथे पण होता, आणि पणाने काय केले ते महाभारताने आपल्याला सांगितलेलेच आहे. त्याहून मागे गेलो तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त हे एका हरलेल्या जुगाऱ्याचेच आहे. त्याची बायको दुरावली, सावकार दाराशी आले, आणि अखेर त्याला उपदेश मिळतो तो फासे टाकून शेत कसण्याचा. फासा आणि नांगर यांचा हा जुना वाद आहे. फाशाने एकाचे धन दुसऱ्याकडे जाते. नांगराने नव्हते ते धान्य उभे राहते. आम्हांला खेळ करायचा होता तो नांगराच्या बाजूचा, पण साधन हातात होते ते फाशाचेच.

पेरणीचे अनुकरण करणारे खेळही आपल्या देशात आहेत. तामिळनाडूत पल्लांगुळी नावाचा खेळ बायका खेळतात. चौदा खळग्यांची लाकडी फळी, आणि त्यांत कवड्या किंवा चिंचोके. एका खळग्यातले सगळे दाणे उचलायचे आणि पुढच्या खळग्यांत एकेक पेरीत जायचे. कर्नाटकात अशाच खेळाला अळिगुळि मणे म्हणतात, आणि आफ्रिकेत तर या जातीच्या खेळांची किती रूपे आहेत याची गणती नाही. पल्लांगुळीच्या एका नियमाने आमची झोप उडविली. पहिला डाव संपला की दुसऱ्या डावासाठी प्रत्येकीने आपले खळगे आपापल्या दाण्यांनी भरायचे. हरलेलीजवळ दाणे कमी, म्हणून तिचे काही खळगे रिकामे राहतात. ते पुढच्या डावात बाद! म्हणजे आधीच्या सुगीत जो हरला तो पुढच्या पेरणीला कमी जमीन घेऊन बसतो. शेतीचे अर्थशास्त्र शिकविणाऱ्या कित्येक ग्रंथांना जे चार प्रकरणांत साधत नाही ते या बायकांनी एका नियमात सांगितले आहे.

आता बळीची कथा. वामनाने तीन पावले भूमी मागितली, शुक्राचार्यांनी सावध केले असताही बळीने उदक सोडले, दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापले गेले, आणि तिसऱ्या पावलासाठी बळीने मस्तक पुढे केले. पुराणाच्या दृष्टीने ही गर्वहरणाची आणि भक्तीचीही कथा आहे. पण आमच्या खेड्यापाड्यांतील आयाबहिणी कार्तिक शुद्ध प्रतिपदेस ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणत आल्या. खरिपाचे पीक निघालेले असते किंवा निघत असते तेव्हाची ही मागणी आहे. केरळात ओणमच्या सणाला महाबळी आपल्या प्रजेला भेटावयास येतो असे मानतात, आणि तोही सुगीचाच सण. ज्याला पाताळात घातले त्याची वाट दरवर्षी पाहावी, आणि ती नेमकी धान्य घरी येताना पाहावी, यात लोकांनी आपले एक मत नोंदवून ठेवले आहे, असे आम्हांला वाटते.

ते मत स्पष्ट शब्दांत मांडले जोतीराव फुल्यांनी. ‘गुलामगिरी’ या १८७३ सालच्या ग्रंथात त्यांनी बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा केले, वामनाला स्वारी करून आलेला ठरविले, आणि खंडोबा, म्हसोबा हे बळीचे अधिकारी होते अशी उपपत्ती दिली. ही उपपत्ती इतिहास म्हणून टिकते की नाही हा वाद विद्वानांनी करावा. आम्ही तिच्याकडे शेतकऱ्याने आपल्या दैवताला विचारलेला जाब म्हणून पाहतो. दहा वर्षांनी, १८८३ साली, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात तर पुराण बाजूला ठेवून सरळ सारा, कर्ज आणि अडाणीपणा यांचाच हिशेब मांडला आहे.

याच प्रतिपदेची दुसरी खूण अशी, की तिला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. त्या दिवशी शंकर-पार्वती फासे खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा आहे. म्हणजे बळीची पूजा आणि पटाचा खेळ ही दोन्ही एकाच तिथीला, एकाच घरात, कित्येक शतके शेजारी शेजारी नांदत आली. आम्ही त्यांची गाठ घालण्याचा विचार केला, त्यात आमची प्रतिभा काही विशेष नाही. पंचांगानेच ती दोन्ही एका रकान्यात लिहून ठेवली होती.

श्रोतेहो, खेळायला आधी सुटी लागते, हे कामगाराइतके कोणालाही ठाऊक नसेल. जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. पुढल्याच वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुटीचे तत्त्व आले. रविवार हा खंडोबाचा वार. जोतीरावांनी ज्याला बळीचा अधिकारी म्हटले त्याच्या वाराला त्यांच्या सहकाऱ्याने कामगारांची सुटी आणली, हा योगायोग असेल. पण अभ्यासवर्गात तो सांगितला की लोक सरसावून बसतात.

आता आमच्या खटपटीकडे वळू. आमच्या संघटनेत कंत्राटी कामगार आहेत, सफाई कामगार आहेत, आणि हंगामापुरते शेतावर जाणारे पुष्कळ आहेत. त्यांना भाषण दिले की पहिल्या पंधरा मिनिटांनंतर माना डुलू लागतात. हा अनुभव या सभागृहात येणार नाही अशी आशा आहे. म्हणून आम्ही म्हटले, पट मांडू. जुन्या सारीपाटाचे चार हात घेतले, मधल्या घराला खळे केले, सोंगट्यांच्या जागी चिंचोके घेतले, आणि एका पक्षाला बळी व दुसऱ्याला वामन केले.

पहिल्याच दिवशी तो खेळ मोडला. एक तर वामन व्हायला कोणी तयार होईना. दुसरे म्हणजे आमच्यातले एक वयस्कर माळकरी सभासद उठले आणि म्हणाले, “विठोबा आमचा, आणि विठोबा म्हणजे विष्णूच. पन्नास वर्षं वारी करतो मी. त्याला सावकार करून पटावर बसवणार असाल तर माझं नाव कमी करा.” तरुण मंडळींनी लगेच जोतीराव पुढे केले. आवाज चढले. आम्ही मध्ये पडून काहीतरी गुळमुळीत बोललो, आणि त्याने कोणाचेच समाधान झाले नाही.

आठवड्याने बुवाच परत आले. त्यांनी भागवतातली पुढची गोष्ट सांगितली. बळीला सुतळात पाठविल्यावर भगवंत स्वतः त्याच्या दाराशी द्वारपाल होऊन उभा राहिला. “देव त्याच्या दारात राखण करतो, आणि तुम्ही त्यालाच लुटारू म्हणता,” ते म्हणाले. आम्हांला कबूल करावे लागले की कथेचा हा शेवट आम्ही सोयीने विसरलो होतो. जोतीरावांचा प्रश्न खरा होता, आणि बुवांची श्रद्धाही खरी होती. तेव्हा पटावरून वामन काढला आणि तीन पावले ठेवली. शेतकऱ्याच्या राशीवर जी तीन पावले पडतात ती देवाची नसतात, यावर दोन्ही पक्षांचे एकमत झाले. आणि पटाच्या एका घराला ‘द्वारपाल’ असे नाव दिले. तेथे ठेवलेले बियाणे कोणालाही नेता येत नाही. जुन्या पचिसीत फुली काढलेल्या घरातली सोंगटी जशी मारता येत नाही तसे.

त्यानंतर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. सगळेच भिडू, विरोधात कोणीच नाही. फक्त दुष्काळ आणि तीन पावले. असे खेळ परदेशांत निघाले आहेत. जर्मनीत १९८६ साली मुलांसाठी फळबागेचा एक खेळ निघाला. त्यात डोमकावळा पोचण्यापूर्वी सगळ्या मुलांनी मिळून सगळी फळे टोपल्यांत उतरवायची असतात. जिंकली तर सगळी, हरली तर सगळी. कल्पना आम्हांला फार आवडली. आम्ही आठ जणांना बसविले आणि खेळ कसा चालतो ते पाहू लागलो. खेळ उत्तम चालला. तीनदा खेळलो, तिन्ही वेळा गाव वाचले.

चौथ्या खेपेस सफाईकाम करणाऱ्या आमच्या एक सभासद, ज्यांना सगळे मावशी म्हणतात, त्यांनी आपले चिंचोके आमच्यासमोर सरकवले. म्हणाल्या, “दादा, हे तुम्हीच ठेवा. माझ्या पाळीला ‘इथं टाका’ म्हणता, हिच्या पाळीला ‘तिथं टाका’ म्हणता. मग आम्ही इथं कशाला बसलोय? मी आपली चहा टाकते.”

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि त्याचे कारण केवळ खेळ नव्हता. त्याच्या दोन महिने आधी एका कारखान्यात आम्ही वेतनाचा करार करून आणला होता. आकडे वाईट नव्हते. वाटाघाटींत रात्र रात्र जागलो होतो. दरवाजासभेत तो वाचून दाखविला, आणि कामगारांनी तो नाकारला. आम्ही त्यांना कृतघ्न म्हटले नाही, पण मनात तोच शब्द होता. मावशींनी चिंचोके सरकवले तेव्हा त्या कराराचा अर्थ आमच्या ध्यानात आला. डाव आम्ही एकट्याने खेळलो होतो, आणि ज्यांच्या नावाने खेळलो त्यांच्या हातात काहीच ठेवले नव्हते. भागीदारीच्या खेळात सर्वांत हुशार गडी सर्वांच्या वतीने खेळू लागतो, हा या जातीच्या खेळांचा ठाऊक असलेला दोष आहे. खेळ करणारे त्यावर परोपरीचे उपाय शोधत असतात. संघटनेतही तो दोष आहे, आणि तेथे त्यावर उपाय शोधण्याची आम्हांला घाई झालेली नव्हती एवढेच.

येथे अमेरिकेतील एका बाईची हकीकत सांगणे अवश्य आहे. एलिझाबेथ मॅगी हे त्यांचे नाव. हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्र्याने १८७९ साली असे मांडले होते की जमिनीचे मोल सगळ्या समाजाच्या श्रमाने वाढते, म्हणून ती वाढ एकट्या मालकाने गिळू नये. हे तत्त्व लोकांना समजावे म्हणून मॅगीबाईंनी ‘जमीनदाराचा खेळ’ तयार केला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी त्याचे पेटंट मिळविले. पुढे त्यांनी त्याच पटासाठी नियमांचे दोन संच केले. एका संचाप्रमाणे एक जण सगळ्यांना भिकेस लावतो आणि जिंकतो. दुसऱ्या संचाप्रमाणे भाडे सार्वजनिक तिजोरीत जाते, आणि सर्वांत कमी पुंजीने निघालेल्या गड्याची पुंजी दुप्पट झाली की खेळ सर्वांनी जिंकला. एकच पट, तेच फासे. नियम बदलला की जग बदलते, हे त्यांना दाखवायचे होते. पुढे काय झाले? हा खेळ हातोहात पसरला, त्याचे एक रूप मोनॉपली या नावाने १९३५ साली एका मोठ्या कंपनीने बाजारात आणले, आणि मॅगीबाईंचे पेटंट पाचशे डॉलरला विकत घेतले. जगाने पहिला संच उचलला आणि दुसरा टाकून दिला. आपल्याकडची मुले ‘व्यापार’ खेळतात तो त्याच कुळातला. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी त्यात मुंबईची घरे घेतली असतील. खरी घ्यायची वेळ आली तेव्हा काय झाले ते सांगावयास नको.

मॅगीबाईंपासून आम्ही जिंकण्याचा नियम घेतला, आणि आजीच्या सारीपाटातही तोच असल्याचे आम्हांला उशिरा दिसले. पुढचा गडी पोचला म्हणून डाव संपत नाही. मागचा कोठे आहे ते पाहावयाचे. परंतु मावशींच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. ते सापडले एका जुन्या शब्दात. आमच्याकडे पेरणी सुरू करण्याला ‘चाड्यावर मूठ धरणे’ म्हणतात. चाड्यावर धरलेल्या मुठीत किती दाणे आहेत ते पेरणाऱ्यालाच ठाऊक. तेव्हा ठरविले, की प्रत्येकाने आपले चिंचोके मुठीत झाकून धरावयाचे आणि सगळ्या मुठी एकदम उघडावयाच्या. कोणी कोणाला सांगावयाचे नाही. आता दादा काय म्हणतात याला किंमत उरली नाही; मावशींची मूठ मावशींचीच.

आज जो पट आहे तो येणेप्रमाणे. दोन गावे, गावास चार घरे, म्हणजे आठ गडी. अकबराच्या दरबारी चंदल मंडल नावाचा पट होता, त्यावर सोळा गडी आणि चौसष्ट सोंगट्या असत असे अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त लिहून ठेवले आहे, त्या मानाने आमचे आठ म्हणजे गरिबाघरचा थाट. प्रत्येक घराला बारा चिंचोके. सहा कवड्या टाकल्या की पाऊस ठरतो. मुठी उघडल्या की जेवढे पेरले तेवढे मातीत, आणि चांगल्या पावसाला त्याचे दुप्पट खळ्यावर येते, बेताच्या पावसाला जेवढ्यास तेवढे, आणि वाईट पावसाला काही नाही. खळ्यावरची रास चारही घरांनी सारखी वाटून घ्यावयाची. मग पावले. पहिले पाऊल साऱ्याचे. ते प्रत्येक घरावर सारखे पडते, पाऊस असो वा नसो. दुसरे व्याजाचे, ज्याने उसने घेतले असेल त्याच्यावर. तिसरे पाऊल मात्र कवडी नेमील त्या एकाच घरावर पडते आणि त्याचे होते नव्हते ते नेते. ते अडवायचे तर बाकीच्या तिघांच्या मुठींतून मिळून सहा दाणे निघावे लागतात, आणि तेही न बोलता, एकाच वेळी. तिघांनीही ‘दुसरे देतील’ असा हिशेब केला तर तो घरधनी बुडतो. सात वर्षे झाली की खेळ संपतो. ज्या गावाच्या सर्वांत दुबळ्या घरात पुढच्या पेरणीपुरते बियाणे उरले ते गाव जिंकले. दोन्हींत उरले तर दोन्ही जिंकली. एकातही उरले नाही तर दोन्ही हरली.

यात अजून एक नियम आहे, आणि तो आम्ही कल्पनेने केलेला नाही. अलिबागजवळच्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांची सभा झाली, आणि चरीसह आसपासच्या पंचवीस गावांनी खोतांच्या जमिनी कसावयाच्या नाहीत असे ठरविले. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू उचलून धरली. भातशेतीच्या त्या मुलखात लोकांनी मोलमजुरी केली, जंगलातला लाकूडफाटा विकला, उपास काढले, पण पेरले नाही. एक वर्ष नव्हे, १९३९ पर्यंत. त्या वर्षीच्या कायद्यात कुळांना संरक्षण देण्याचे तत्त्व प्रथम आले. नंतर १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक ठरला. शेतकऱ्याचा हात न पेरण्यासाठी मुठीत राहावा, आणि तो सहा पावसाळे राहावा, याहून अवघड डाव आम्हांला इतिहासात आढळला नाही.

म्हणून आमच्या पटावर चरीचा नियम आहे. एखाद्या वर्षी गावाच्या चारही मुठी रिकाम्या उघडल्या, तर त्या वर्षी एकही पाऊल त्या गावावर पडत नाही. सगळे घरचे दोन दोन दाणे खाऊन राहतात. पण एक जरी मूठ दाण्यांनी भरलेली निघाली, तर तिन्ही पावले उरलेल्या तिघांवर पडतात. हा नियम सांगितला की नवे लोक हसतात, म्हणतात, यात काय कठीण? मग खेळायला बसतात. पहिल्या खेपेस चार मुठी रिकाम्या निघाल्याचे आम्ही अजून पाहिलेले नाही. कोणीतरी घाबरतोच. तो दुष्ट असतो असे नाही. त्याला इतर तिघे घाबरतील अशी भीती वाटलेली असते. दुसऱ्या, तिसऱ्या डावानंतर लोक एकमेकांकडे पाहू लागतात, आणि मुठी मिटण्याआधीचे ते पाहणे, तेच आमच्या मते या खेळातले शिक्षण. १९८२ च्या संपाविषयी पुढारी चुकले की सरकार चुकले की मालक, यावर आम्ही शेकडो भाषणे ऐकली. रीतसर मागे न घेतलेल्या त्या संपात एकेक माणूस एकेक सकाळी दरवाजातून आत गेला, तेव्हा त्याच्या मनात काय चालले होते, हे मात्र आम्हांला या चिंचोक्यांनी सांगितले. आमचे वडीलही अखेर आत जायला निघाले होते. त्यांना परत घेतले नाही. याविषयी ते आयुष्यात एकदाच बोलले, आणि तेव्हाही, “मी पहिला नव्हतो,” एवढेच म्हणाले.

तात्पर्य काढण्याची आम्हांला सवय आहे, परंतु आज ते आवरतो. खेळाने संघटना होते असे आम्ही म्हणत नाही. तशी होत असती तर लुडो खेळणाऱ्या या देशात एव्हाना सगळे भाऊबंद सुखाने नांदले असते. आम्ही एवढेच पाहिले, की पट करणारा जो नियम घालतो त्या नियमाने खेळणारा हळूहळू विचार करू लागतो, आणि म्हणून नियम कोणी घालावेत हा प्रश्न पटावरही टाळता येत नाही. आमच्या पटाचे निम्मे नियम बुवांनी, मावशींनी आणि हरलेल्या गड्यांनी बदलून घेतले आहेत. तो नाकारलेला करार आम्ही पुन्हा बोलणीस नेला तेव्हा खात्याखात्यांतून निवडलेली माणसे बरोबर नेली. आकडा फारसा वाढला नाही. दरवाजासभेत तो वाचून दाखविण्याचे काम आम्ही केले नाही. ते त्या माणसांनी केले, आणि या वेळी हात वर झाले.

व्याख्यान संपल्यावर पट बाहेर ओसरीवर मांडला जाईल. आठ जण लागतील. चिंचोके मावशींनी घरून आणले आहेत, मोजून शहाण्णव, सारीपाटाच्या घरांइतकेच. खेळ झाल्यावर ते त्यांचे त्यांना परत मोजून द्यावेत, ही विनंती.